झुकिनी, भोपळ्याची रोपं बाहेर कधी लावू? मदत हवी आहे

रानवेल: झुकिनीची ४ आणि बटरनट भोपळ्याची ३ रोपं खिडकीत आहेत. काडीसारखी उंच झालीत, एक तर आडवंच पडलंय. आज लावून टाकू का बाहेर? जरा लवकर सांगा.

काळी_माती: भोपळा जून-जुलैत, नाहीतर उन्हाळी जानेवारी-फेब्रुवारीत. आळ्यात शेणखत घालून २-३ बिया थेट टोकायच्या. वेलवर्गाची रोपं करतंच कोण? मुळं दुखावली की वेल बसतो.

चाफेकळी: रानवेल, आधी गाव सांगा! पेरलंत कधी? खरी पानं (बीतल्या पहिल्या जोडीनंतरची) किती?

रानवेल: अहो, इंग्लंडमधलं लीड्स. १० एप्रिलला पेरली. दोन पानं.

चाफेकळी: मग आज अजिबात नको. तिकडे मेअखेरपर्यंत फ्रॉस्टची, म्हणजे रात्री दव गोठण्याची भीती. एका रात्रीत पानं काळी पडून लुळी होतात. रात्री सलग १० अंशांच्या वर राहू लागल्या की लावा, म्हणजे साधारण जूनचा पहिला आठवडा. ऊब जास्त, उजेड कमी, म्हणून काडी झालीय. १२-१३ सेंमीच्या कुंडीत बदला, बीजदलांपर्यंत (बीतून आलेली पहिली दोन पानं) माती भरा, सगळ्यात उजेडाच्या पण गार खिडकीत ठेवा. लावण्याआधी ८-१० दिवस दिवसा बाहेर, रात्री आत.

काळी_माती: एवढा खटाटोप! थेट टोका म्हटलं ना.

चाफेकळी: झुकिनी टोका की मेअखेरीस, ५०-६० दिवसांत तोडायला येते. बटरनटला चारेक महिने हवेत. जूनमध्ये टोकलात तर ऑक्टोबरच्या थंडीत कच्चाच राहणार.

सांडगे_मिरची: भुरीसाठी (पानांवर पांढरी पूड दिसते तो बुरशीचा रोग) १ भाग दूध, ९ भाग पाणी, सकाळी फवारा.

रानवेल: भुरी नाहीये हो! अंतर किती ठेवू?

चाफेकळी: झुकिनी ९० सेंमी, बटरनटच्या वेलाला दीड मीटर. आणि चार झुकिन्या कोण खाणार? दोन पुरे. लावल्यावर पहिले पंधरा दिवस रात्री टॉर्च घेऊन गोगलगायी वेचा, कोवळं रोप देठापासून कापतात. बटरनटचं बी कुठलं?

रानवेल: बाजारातून आणलेल्या फळातलंच.

चाफेकळी: वेल येईल, फळ तसंच येईल याची खात्री नाही. पहिल्या फळाचा तुकडा जिभेला लावा. कडू लागला तर थुंका आणि फळ फेका. तो कडूपणा शिजवून जात नाही, पोट बिघडतं.

काळी_माती: हे मात्र खरं. दुधीलाही तेच.

सांडगे_मिरची: सुरुवातीला नर फुलंच येतात, घाबरू नका. मागे बारीक फळ नसेल ते नर. दोन-तीन परागीकरणाला ठेवा, बाकीची बेसनात बुडवा.