निविदा उघडताना फक्त दर पाहायचा का?

धागाकर्ता: स्थानिक प्रशासनाच्या खरेदीत पर्यावरणाचा निकष सक्तीचा असावा, असे माझे मत आहे आणि त्याचे पहिले कारण हिशेबाचे आहे. पथदिवा घेताना आपण त्याची किंमत पाहतो. पण तो पुढे अनेक वर्षे रोज रात्री वीज खातो, बंद पडला की शिडीची गाडी आणि दोन माणसे पाठवावी लागतात, आणि फ्लुरोसंट नळी फुटली तर आतला पारा कुणाला तरी हाताळावा लागतो. यांपैकी एकही खर्च दरपत्रकात दिसत नाही. खरेदी एका विभागाच्या खात्यातून होते आणि वीजबिल दुसऱ्याच्या, त्यामुळे स्वस्त दिवा घेणाऱ्याच्या पदरात काटकसरीचे श्रेय पडते आणि भुर्दंड मात्र दुसराच भरत राहतो.

प्रतिसाद १: हिशेब पटला, सक्ती पटत नाही. ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द निविदेत आला की मर्जीतल्या पुरवठादाराच्या मापाने अटी बेतायला आयती वाट मिळते. शिवाय प्रमाणपत्राला पैसे लागतात. चांगला माल बनवणारा लहान कारखानदार एका कागदाअभावी पहिल्याच छाननीत बाद होतो. सर्वांत कमी दर हा निकष ओबडधोबड असेल, पण तो कुणालाही पडताळता येतो, आणि सार्वजनिक पैशाच्या व्यवहारात हा गुण मी फार मोठा मानतो.

धागाकर्ता: आपली शंका रास्त आहे आणि ती न्यायालयापुढे येऊनही गेली आहे. हेलसिंकी शहराने बससेवेच्या निविदेत किलोवॅट-तासामागे ४ ग्रॅमपेक्षा कमी नायट्रोजन ऑक्साइड सोडणाऱ्या आणि ७७ डेसिबलपेक्षा कमी आवाज करणाऱ्या गाड्यांना जादा गुण ठेवले होते. काम शहराच्याच परिवहन उपक्रमाला मिळाले, तेव्हा हे गुण त्यालाच मिळण्यासारखे होते, अशी तक्रार हरलेल्या कंपनीने केली. युरोपीय न्यायालयाने २००२ मध्ये असे निकष वैध ठरवले. मात्र ते खरेदीच्या विषयाशी निगडित असावेत, निविदेत आधीच स्पष्ट नमूद असावेत आणि त्यांतून अधिकाऱ्याला मनमानीची मुभा मिळू नये, अशी बंधनेही घातली. ‘पर्यावरणपूरक बस’ हा शब्द वाकवता येतो, ४ ग्रॅम हा आकडा वाकवता येत नाही.

प्रतिसाद २: आकडा निविदेत लिहिणे सोपे आहे. गाडी रस्त्यावर दोन वर्षे धावल्यानंतर तो कोण मोजणार? लहान प्रशासनात निविदा तयार करणारा, माल ताब्यात घेणारा आणि देयक मंजुरीला पाठवणारा कर्मचारी बहुधा एकच असतो, आणि उत्सर्जन मोजण्याचे साधन त्याच्याजवळ नसते. मग अट कागदावर राहते आणि त्या अटीपोटी वाढवलेला दर मात्र खरोखर दिला जातो.

धागाकर्ता: हा आक्षेप मला पहिल्यापेक्षा अवघड वाटतो. प्रमाणपत्रापुरती वाट निघते: युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशानुसार निविदेत मागितलेल्या पर्यावरण-चिन्हाशी (माल निकषांत बसतो हे दाखवणाऱ्या प्रमाणित खुणेशी) समतुल्य चिन्हे स्वीकारावी लागतात, आणि पुरवठादाराचा दोष नसताना चिन्ह मुदतीत मिळाले नसेल तर इतर योग्य पुरावाही चालतो. पण वापरातल्या मोजणीची सोय नसेल, तर जादा गुणांऐवजी करारातच नंतरच्या तपासणीची आणि कसूर झाल्यास देयक कापण्याची अट घालावी, आणि तीही शेजारच्या चार-पाच प्रशासनांनी मिळून एकच तपासनीस नेमून.

प्रतिसाद १: सामाईक तपासनीस असेल, तर माझा सक्तीला असलेला विरोध बराच सैल होतो. तोवर पर्यावरणाचा निकष ऐच्छिकच असावा.