प्रॅक्टिस करणारे स्टेजसाठी गातात म्हणे! त्या फॉरवर्डला माझं उत्तर (चर्चा)

कीबोर्डवाला_सोलापूर
जय ख्रिस्त. परवापासून आपल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, सगळ्यांनी बघितला असेल. आराधना चालवणाऱ्याचं हृदय सरळ असेल तर सूर आपोआप लागतो, आणि शनिवारी दोन-दोन तास प्रॅक्टिस करणारे देवासाठी नाही तर स्टेजसाठी गातात, असं त्यात लिहिलंय. खाली आमेनची रांग. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही म्हणून लिहितोय.

14 वर्षं झाली मी मंडळीत कीबोर्ड वाजवतोय आणि गीतं घेतोय. शनिवारी सहाला एमआयडीसीतून सुटतो आणि अक्कलकोट रोडवरून घामाच्या शर्टातच चर्चला येतो. त्या दोन तासांना कुणी स्टेजची हौस म्हणालं की पोटात तुटतं. 'परमेश्वर हृदय पाहतो' हे सगळे 1 शमुवेल 16 मधून सांगतात, मग तोच अध्याय पुढे वाचा की. सातव्या वचनात हृदय आहे, आणि अठराव्या वचनात शौल राजाचा चाकर दाविदाची ओळख करून देताना पहिली गोष्ट काय सांगतो, तर वाजवण्यात निपुण. मेंढरांमागं बसून बोटं झिजवल्याशिवाय आलं का ते? 1 इतिहास 25 मध्ये तर परमेश्वरासाठी गायला शिकवून तयार केलेले 288 जण मोजून लिहिलेत.

आणि माझं हृदय कुठं सरळ झालं तेही सांगतो. मागच्या मे महिन्यातली गोष्ट, दुसरं कडवं चालू असताना लाईट गेली. कीबोर्ड बंद, माइक बंद, इन्व्हर्टरवर नुसते दोन पंखे. मी तसाच गात राहिलो आणि पहिल्यांदा मंडळी कानावर आली. गाणं मी काळी तीनच्या उंच पट्टीत घ्यायचो, कारण त्या पट्टीत माझा आवाज ध्रुपदाला, म्हणजे परत परत येणाऱ्या ओळीला, मोकळा चढतो. ध्रुपद तार सप्तकात गंधारापर्यंत जातं, आणि तिथं आल्यावर पुरुषांची सगळी बाजू गप्प झाली, एकदम, नळ बंद केल्यासारखी. बायका तेवढ्या गात होत्या. किती वर्षं असं चाललं होतं देव जाणे, मला समोरच्या मॉनिटर स्पीकरमध्ये माझाच आवाज ऐकू यायचा. घरी जाऊन रडलो. पुढच्या शनिवारी बसून सगळी गीतं पांढरी एकपर्यंत खाली आणली, आणि ते करायला प्रॅक्टिसच लागली हो, ते काही आपोआप झालं नाही.

पेटीवाले_काका
बाळ, तुझं रडणं मला पटलं, तुझं बायबल अर्धवट आहे. शौलाला दाविदाच्या वीणेनं बरं वाटायचं हे सोळाव्या अध्यायात, मान्य. आता अठरावा काढ. तोच दावीद, तीच वीणा, तेच निपुण वाजवणं, आणि शौलानं भाला फेकला. म्हणजे निपुणतेनं बरं वाटतं, माणूस बदलत नाही. आमोस 5:23 मध्ये देव सरळ म्हणतो की तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापासून दूर करा. ते गाणारे काय बेसूर होते म्हणून म्हणाला का?

मी किल्लारीला होतो 1993 ला. 30 सप्टेंबरच्या पहाटे भूकंप झाला, आम्ही सोलापुरातून चादरी आणि भाकरी घेऊन गेलो होतो. चौथ्या रात्री ताडपत्रीखाली पाऊस गळतोय, आणि एक म्हातारा, त्याची सून आणि नातू दोन्ही गेलेले, त्यानं गीत सुरू केलं. सूर कुठल्या कुठं होता. आम्ही पंधरा-वीस जण, एकाला धड गाता येईना, रडतच गायलो. त्यानंतर 30 वर्षं पेटी वाजवतोय मी, तसं गाणं परत झालं नाही. लंडनला स्पर्जन साहेब म्हणून मोठे उपदेशक होते, त्यांच्या चर्चमध्ये ऑर्गनसुद्धा नव्हता, हजारो माणसं नुसत्या गळ्यानं गायची. आता तर गीतांचं पुस्तकच गेलं, भिंतीवर अक्षरं दिसतात, त्यातही ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं, पोरांना पुढचं कडवं माहीत नसतं कारण ते वर आलेलं नसतं. रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं कुणी म्हणेना झालंय.

तरुणसंघ_जुळे
काका, आदर आहे, पण स्पर्जनच्या चर्चमध्ये पुढं उभं राहून सूर देणारा माणूस असायचा. हजारो लोक एकत्र गायचे ते त्याच्यामुळे. तो काय झोपेतून उठून सूर देत असेल का?

पेटीवाले_काका
असेल माणूस, मी नाही म्हणत नाही. माइक नव्हता त्याच्याकडे.

होटगी_रोड
हृदयाचं बोलताय सगळे तर मग नाताळचं बोला. आमच्याकडे गेल्या वर्षी नाताळला भजनी मंडळातला तबलजी पैसे देऊन आणला. विश्वासात नाही, बाप्तिस्मा नाही, पुलपिटच्या शेजारी बसवला. देवाच्या कराराचा कोश सेवेसाठी नेमलेल्या लेवी कुळाशिवाय कुणी वाहायचा नव्हता, आणि त्याला हात लावला तर काय झालं ते वाचा 2 शमुवेल 6 मध्ये. आणि आमच्याच मंडळीतला एक पोरगा दोन वर्षं ढोलकी शिकत होता, त्याला मागं बसवलं, का तर चुकतो. त्याची आई रडत घरी गेली. तयारीच्या नावाखाली हेच होतं, ज्याला येतं तो पुढं, ज्याचं मन आहे तो मागं.

तरुणसंघ_जुळे
उज्जा कोश सावरायला गेला म्हणून मेला, तबला वाजवायला बसला म्हणून नाही. मंदिराला लाकूड कुणी दिलं? सोरचा राजा हीराम, आणि सीदोनी लोकांसारखी झाडं तोडणारे आमच्यात कुणी नाहीत असं शलमोन स्वतः म्हणतो, 1 राजे 5. अलीशा संदेष्ट्यानं संदेश द्यायच्या आधी वाजवणारा बोलवा म्हटलं, 2 राजे 3:15. तो वाजवू लागला आणि परमेश्वराचा हात अलीशावर आला. त्या वाजवणाऱ्याचं कुळ विचारल्याचं कुठंच लिहिलेलं नाही.

होटगी_रोड
लाकूड आणि आराधना एक झाली का? लाकूड तोडणारा आत येऊन होमार्पण करत नव्हता. ज्याच्यासाठी गातोय त्यालाच जो मानत नाही, त्याच्या ठेक्यावर मी डोळे मिटून हात वर कसे करायचे, तेवढं सांगा मला. हा कळकळीचा प्रश्न आहे, वाद घालायचा म्हणून नाही.

कीबोर्डवाला_सोलापूर
त्या तबलजीला बोलावणाऱ्यांत मी होतो, मीच उत्तर देतो. टिळकांचे अभंग बसवायचे होते. आमचा ड्रमवाला त्यावर पाश्चात्य बीट ठोकायचा, गीत लंगडत चालायचं. हा माणूस आला, मी ओळ म्हणून दाखवली, त्यानं डोकं हलवलं, भजनी ठेका धरला आणि गीत उभं राहिलं. टिळक हे सगळं आपल्या घरातूनच घेऊन आले होते की, 1895 ला बाप्तिस्मा घेतला म्हणून अभंग टाकून नाही दिला त्यांनी. नगरकडं ख्रिस्ती कीर्तनं तर त्यांच्याही आधीपासून होत होती. आणि खरं सांगू, प्रॅक्टिसला वेळेवर येणारा तोच होता. एक दिवस तबल्याला हातोडी मारता मारता मला म्हणाला, दादा, पापाबद्दलच्या ओळीला तुम्ही हसत गाता, तिथं जरा खाली या की. 14 वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

होटगी_रोड
सांगितलं असेल. पण पैसे घेतले ना? टिळकांचं नाव घेताय तर हे पण घ्या, 1917 ला मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला देवाचा दरबार नावाचा मेळा काढला त्यांनी. पगाराशी सेवा जोडायला नको म्हणूनच ना?

भाकरी_शेंगाचटणी
पगाराचं बोलू नका हो. माझे वडील एका मंडळीत 22 वर्षं फुकट पेटी वाजवत होते. भाता फाटला तेव्हा दुरुस्तीचे पैसे कमिटीकडे मागितले तर सेवेचा हिशेब मागतो का म्हणाले. त्याच कमिटीनं त्याच वर्षी दोन मोठे स्पीकर घेतले. वडिलांनी स्वतःच्या खिशातून भाता बसवला आणि पुढच्या रविवारी परत वाजवायला गेले, मी असतो तर गेलो नसतो. ज्याच्या हाताला कष्ट आहेत त्याला द्या, तो आतला असो की बाहेरचा. उगाच हृदय हृदय करून माणसाला फुकट राबवायचं हे मला सहन होत नाही.

होटगी_रोड
तुमच्या वडिलांबद्दल मनापासून वाईट वाटलं. पण त्यांना कुणी पैसे दिले नाहीत तरी ते परत गेले, हे तुम्हीच लिहिलंय. मी तेच म्हणतोय.

भाकरी_शेंगाचटणी
ते परत गेले हा त्यांचा मोठेपणा, कमिटीचा नाही. त्यांचं हृदय दाखवून कमिटीला सोडून देऊ नका. इथं माझं डोकं फिरतं.

तरुणसंघ_जुळे
आणि त्या ढोलकीवाल्या पोराचं काय? त्याला मागं बसवला हे चूकच झालं, आमची चूक. प्रॅक्टिसला बोलवायला पाहिजे होतं, रविवारी नाही तर निदान शनिवारी तरी.

होटगी_रोड
एवढं म्हणालात हेच लई झालं. त्याच्या आईला जाऊन सांगा, इथं लिहून काय उपयोग.

नवी_पेठेतली_अक्का
मी कधी लिहित नाही इथं, आज लिहिते. कीबोर्डवाल्या दादा, मी तुझ्याच मंडळीत डावीकडे चौथ्या बाकावर बसते. लाईट गेली त्या दिवशी तुला पुरुष गप्प झाल्याचं ऐकू आलं, चांगलं झालं. पण पांढरी एकला आणल्यापासून आमचं काय झालं ते तुला अजून ऐकू आलेलं नाही. सुरुवातीची ओळ इतकी खाली जाते की आवाज विहिरीत गेल्यासारखा होतो, आणि वर धरली तर ध्रुपदाला माझ्यासारखीचा गळा चिरकतो. माझ्या शेजारची म्हातारी बाई, विडी वळायची आधी, छातीत दम आहे तिच्या, ती नुसती ओठ हलवते आता. काका म्हणतात हृदय, तू म्हणतोस तयारी. मला म्हणाल तर आमच्यातल्या कुणाला एकदा विचारलं असतंस तर बरं झालं असतं. बाकी तबलजी येऊ दे, मला काही नाही. आमच्या गल्लीत तेलुगू मंडळीच्या घरसभेत शेजारची पद्मशाली बाई टाळ्या वाजवायला येऊन बसते, तिला कुणी उठवत नाही.

कीबोर्डवाला_सोलापूर
अक्का, हे वाचून अर्धा तास काही लिहिता आलं नाही. मी परत माझ्याच कानानं ऐकलं. पुरुषांचं ऐकू आलं कारण मी पुरुष आहे. चुकलो.

पेटीवाले_काका
अक्का बरोबर बोलली. पांढरी दोन करून बघ, बायकांना खालून उचलता येईल आणि पुरुषांना वरचा गंधार थोडा ताणून मिळेल. पूर्वी आम्ही बाई सूर देणार असेल तर तिचा गळा बघूनच पट्टी धरायचो. आणि हो, प्रॅक्टिस लागते, एवढं मी म्हणतो. एवढंच म्हणतो. त्या फॉरवर्डला मी पण आमेन टाकला होता, तो काढायला येत नाही मला, नातवाला सांगतो.

होटगी_रोड
मी माझा आमेन काढणार नाही. माझ्यासाठी प्रश्न अजून तसाच आहे, यंदाच्या नाताळला तबल्यावर कोण बसणार ते कमिटीत विचारणार.

कीबोर्डवाला_सोलापूर
विचारा, मी पण येतो त्या मीटिंगला. या शनिवारी साडेसहाला प्रॅक्टिस आहे, सगळी गीतं पांढरी दोनला धरू. अक्का, शेजारच्या आजींना घेऊन या, मागं नाही, माझ्या समोर बसवा. ढोलकीवाल्या पोराला आणायला मी स्वतः जातो, पत्ता मेसेज करा. काका, पेटी घेऊन या, लाईटचा भरवसा नाही.

पेटीवाले_काका
आणतो. रिक्षावाला पेटी घेत नाही म्हणून मला न्यायला कुणाला तरी पाठव, सहाला तयार असतो.