प्रतिसाद: पाणी ओसरल्यावर गाडी सुरू करावी का?

चावी फिरवून बघू का, असं वर विचारलंय. अजिबात नको! २२ जुलै २०२१ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी आमच्या घरात शिरलं. आम्ही माळ्यावर, आईच्या मांडीवर देव्हाऱ्यातले देव, आणि खाली गाडी टपापर्यंत बुडालेली. ओसरल्यावर आत वीतभर चिखल. भाऊ चावी लावायलाच निघाला होता, बाबांनी हिसकावली. इंजिनात पाणी असताना सुरू केलं तर कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकतो, आणि साध्या पॉलिसीत सहसा तो खर्च मिळत नाही. दुरुस्ती आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेली की टोटल लॉस धरतात, म्हणजे दुरुस्तीऐवजी आयडीव्हीच्या हिशोबाने पैसे देतात. आमचं तेच झालं. पण ही आयडीव्ही म्हणजे घसारा (गाडी जुनी होईल तशी होणारी घट) वजा जाऊन उरलेली किंमत, त्यात नवी गाडी कुठली? सेकंडहँड घेतली. पावसाळ्यात ती मामाच्या अंगणात, चढावर असते.