घरच्या संगणकासाठी खर्च प्रोसेसरवर करावा की बाकीच्या भागांवर?

प्रश्न

आमचा घरचा संगणक दहा वर्षांहून जुना आहे. त्यात ४ जीबी रॅम आणि जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क आहे. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला मान्य असलेल्या प्रोसेसरांच्या यादीत आमचा प्रोसेसर नाही, त्यामुळे नवा संगणक जुळवण्याचे ठरवले आहे. मुलांचा अभ्यास, घरचे हिशेब, व्हिडिओ कॉल, अनेक वर्षांचे फोटो आणि कधीतरी एखादा साधा गेम, एवढाच त्याचा वापर होईल. वरच्या श्रेणीचा प्रोसेसर घेतला, तर उरलेल्या पैशात ८ जीबीची एकच रॅमपट्टी आणि हार्ड डिस्क बसते. मधल्या श्रेणीचा घेतला, तर १६ जीबी रॅम आणि एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर माहिती साठवणारी डिस्क) दोन्ही घेता येतात. यांपैकी कोणता मार्ग निवडावा? वेगळे ग्राफिक्स कार्ड लागेल का? जुने कॅबिनेट, एसएमपीएस (सर्व भागांना वीज पुरवणारा डबा) आणि हार्ड डिस्क पुन्हा वापरता येतील का?

प्रतिसाद १

दुसरा मार्ग निवडावा, आणि तोही निःशंकपणे. संगणक मंद वाटतो तेव्हा बहुतेक वेळा प्रोसेसर रिकामा बसलेला असतो आणि डिस्ककडून माहिती येण्याची वाट पाहत असतो. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कमध्ये हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली यायलाच सरासरी ४ मिलिसेकंदांहून अधिक वेळ जातो, आणि टोक सरकण्याचा वेळ त्याहून वेगळा. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसल्याने हे थांबणे जवळजवळ नाहीसे होते. म्हणून विंडोज आणि सर्व प्रोग्रॅम एसएसडीवरच असावेत.

आपण सांगितलेल्या वापराला वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. मात्र प्रोसेसरमध्ये अंगचे ग्राफिक्स आहे की नाही, हे नाव नीट वाचून पाहावे. इंटेलच्या कोअर आय३-१२१०० मध्ये ते आहे. त्याच नावापुढे ‘एफ’ असेल तर ते नसते, आणि तसा प्रोसेसर घेऊन कार्ड न लावल्यास पडद्यावर काहीच दिसणार नाही. माझी पसंती एएमडीच्या रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरला आहे. त्यात सहा कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे गाभे) आहेत आणि त्याचे ग्राफिक्स साध्या गेमना पुरेसे आहे.

असे ग्राफिक्स स्वतःची मेमरी बाळगत नाही, ते मुख्य रॅममधूनच वाटा घेते, म्हणून ८ जीबी लवकर अपुरी पडते. शिवाय डीडीआर४-३२०० या प्रकारच्या रॅमची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती पुरवते, तर दोन पट्ट्या दोन चॅनेलांवर (माहितीच्या दोन वेगळ्या मार्गांवर) लावल्या की तीच मर्यादा ५१.२ जीबी होते. गेममध्ये हा फरक डोळ्यांना जाणवतो. तेव्हा १६ जीबीची एक पट्टी न घेता ८ जीबीच्या दोन घ्याव्यात.

प्रतिसाद २

वरील मताशी मी सहमत आहे. फक्त जुन्या एसएमपीएसबद्दल कळकळीने सांगावेसे वाटते, कारण मी स्वतः तो पुन्हा वापरला होता. काही महिने सारे सुरळीत चालले. मग संगणक मधूनच बंद पडू लागला, आणि दोष रॅममध्ये असावा असे समजून मी कित्येक दिवस पट्ट्या बदलत बसलो. शेवटी एसएमपीएस गेला आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. त्यातील कपॅसिटर उष्णतेने वर्षानुवर्षे क्षीण होत जातात आणि बाहेरून काही कळत नाही. ‘८० प्लस’ (वीज कमी वाया घालवण्याचे मानक) प्रमाणित, विश्वासार्ह कंपनीचा ४५० वॅटचा एसएमपीएस अशा संगणकाला भरपूर होतो. पेटीवर छापलेल्या मोठ्या वॅटच्या आकड्याला भुलू नये.

कॅबिनेट जरूर वापरा. मदरबोर्डचा आकार त्यात बसतो का, एवढे पाहा. जुनी हार्ड डिस्क फोटोंच्या दुसऱ्या प्रतीसाठी ठीक आहे, एकमेव प्रतीसाठी मुळीच नाही.

प्रतिसाद ३

माझे मत थोडे वेगळे आहे. ५६००जी मदरबोर्डवरच्या ज्या एएम४ सॉकेटवर (प्रोसेसर बसवण्याच्या खाचेवर) बसतो, ते आता जुने झाले आहे. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ वर पुढे नवा प्रोसेसर बसवता येईल, म्हणून मी थोडी बचत करून तिकडे वळलो असतो. पण त्याला डीडीआर५ रॅमच लागते आणि मदरबोर्डही सहसा महाग पडतो. त्यासाठी एसएसडी किंवा एसएमपीएसवर काटकसर करावी लागणार असेल, तर एएम४ च बरे.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा आभारी आहे. ५६००जी, ८ जीबीच्या दोन पट्ट्या, एसएसडी आणि नवा एसएमपीएस घेतो. मदरबोर्ड बी४५० प्रकारचा असला तर चालेल का?

प्रतिसाद १

चालेल, पण तो या प्रोसेसरच्या आधीचा असल्याने बायोस (संगणक सुरू करणारा बोर्डातला प्रोग्रॅम) अद्ययावत केलेला आहे, याची विक्रेत्याकडून खात्री करून घ्यावी. नाहीतर संगणक सुरूच होणार नाही. बोर्डावर रॅमच्या चार खाचा असतील, तर प्रोसेसरपासून मोजून सहसा दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत पट्ट्या बसवतात. तरी बोर्डाची पुस्तिका पाहावी. जुळवणी झाल्यावर बायोसमध्ये जाऊन रॅमचे एक्सएमपी (तिला पूर्ण वेगाने चालवणारी तयार सेटिंग) सुरू करा, अन्यथा ३२०० ची रॅम कमी वेगानेच चालत राहील.