प्रति: खातं बदला, नाहीतर बाहेर व्हा

निपाणीकर काका, "कंपनी विकली की नवा मालक खाती बदलणारच, त्यात एवढी बोंब कसली" हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटतं. याहूनं फ्लिकर ही फोटो ठेवायची साइट घेतली २००५ मध्ये. जवळजवळ दोन वर्षं जुन्या सभासदांना कुणी हात लावला नाही आणि २००७ च्या जानेवारीत एकदम फर्मान निघालं: १५ मार्चपर्यंत याहूचं खातं जोडा, नाहीतर जुनं लॉगिन बंद. माणूस खवळणारच की! मायक्रोसॉफ्टनं विकत घेतलेल्या माइनक्राफ्टचं तर त्याहून वाईट. रोख पैसे मोजून घेतलेला गेम, पण १९ सप्टेंबर २०२३ पर्यंत मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर नेला नाही तर गेला.

आणि ओरडून काही होत नाही असंही नाही. फेसबुकनं विकत घेतलेल्या ऑक्युलसच्या व्हीआर हेडसेटला (डोळ्यांवर चढवून आभासी जग दाखवणारं यंत्र) २०२० मध्ये फेसबुक खातं सक्तीचं केलं, २०२२ मध्ये ती सक्ती काढली. (बदल्यात मेटाचं, म्हणजे नाव बदललेल्या त्याच फेसबुक कंपनीचं, खातं गळ्यात पडलं, ते सोडा.)

आपल्या बेळगावातली अडचण निराळीच आहे. कितीतरी जणांचे ईमेल सायबर कॅफेवाल्यानं काढून दिलेले. पासवर्ड त्याच्या वहीत, मोबाइल नंबर त्याचाच. माझ्या आत्तेभावाचे राजहंसगडाचे फोटो असेच एका साइटवर अडकलेत. ओटीपी जातो बंद पडलेल्या सिमवर, आणि कॅफेच्या जागी आता मोबाइल कव्हरचं दुकान. नोटीस आलेल्यांनी खुशाल भांडावं, पण आधी फोटो उतरवून घ्या आणि नोंदवलेला ईमेल उघडतोय का तेवढं बघा.