ग्रुप बंद नका करू, नेमकं विचारा

‘गल्लीचे व्हॉट्सॲप ग्रुप बंदच करावेत, गुड मॉर्निंगशिवाय तिथं असतं काय?’ असं एकांनी लिहिलंय. मला हे अजिबात पटत नाही. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. ‘आज आमच्या भागात पाणी आहे का?’ या एका मेसेजवर कित्येक घरांचा दिवस ठरतो.

उन्हाळ्यात, सोलापूरला पाणी देणाऱ्या उजनी धरणाबद्दल ‘उजनी उणे झालं’ असा फॉरवर्ड फिरतो आणि घबराट उडते. आमच्या ग्रुपवर एका काकांनी शांतपणे समजावून सांगितलं. धरणाची एकूण साठवण साधारण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला जवळपास ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेलं तळाचं पाणी. उणे म्हणजे उपयुक्त साठा संपून पातळी मृतसाठ्यात उतरली. धरण कोरडं पडलं असं नव्हे, पिण्यासाठी त्यातलं पाणी उचलता येतं. मग बोलण्याचा सूरच पालटला. मृतसाठा किती दिवस पुरेल, उन्हाळी आवर्तन (शेतीसाठी ठरावीक वेळी सोडलेलं पाणी) कधी सुटलं होतं, असे कामाचे प्रश्न येऊ लागले.

वारंवार फॉरवर्ड झालेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो, ही मर्यादा व्हॉट्सॲपने २०२० मध्ये घातली, ते बरंच केलं. पण अशा मेसेजवरची दुहेरी बाणाची खूण दिसली की तारीख नि ठिकाण आपणच विचारायला हवं.

आणखी एक. चर्चा झाली की कुणीतरी दोन ओळीत लिहावं: काय ठरलं, कोण जाणार, कधी. नाहीतर ढीगभर मेसेज होतात आणि पालिकेत तक्रार द्यायची राहूनच जाते.