मदत हवी आहे: पिकअपचा मागचा फाळका रिमोटने उघडायचा आहे

फुटाळा_३१
मागचा फाळका रिमोटने उघडायला हवा. दोन्ही हातांत क्रेट असतात, दर वेळी खाली ठेवून हँडल ओढायचं म्हणजे वैताग आहे. दोन वायरींचा ॲक्च्युएटर (दरवाज्याच्या लॉकची सळई ओढणारी छोटी मोटर) आणून आतल्या सळईला जोडला. बटण दाबलं की टक् आवाज येतो, फाळका उघडत नाही. बॅटरी नवीन आहे. रविवारपर्यंत काम संपवायचंय, नेमकं काय ते सांगा. 'मेकॅनिककडे जा' नको.

कामठीकर
गाडी कोणती ते तर सांगा राजा! बोलेरो पिकअपचा डाला असेल तर दोन्ही बाजूंना बाहेरून खटके असतात, तिथे रिमोटचं काम सोपं नाही. इसुझू व्ही-क्रॉससारखी असेल, मध्ये एकच हँडल, तर जमते.

फुटाळा_३१
हँडल ओढायचं म्हणून लिहिलंय की वर. व्ही-क्रॉस आहे.

बारा_व्होल्ट
हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं. आता तीन गोष्टी सांगा. ॲक्च्युएटर कुठे जोडला, मधल्या क्रँकला (हँडलमागची फिरणारी पट्टी) की एका बाजूच्या सळईला? वायर किती जाडीची आणि पुरवठा कुठून घेतला? रिमोट कंपनीचा की वेगळा?

वर्धारोडवाला
एवढा विचार कशाला? दरवाज्याच्या सेंट्रल लॉकची अनलॉकची वायर टॅप करा, फाळका तिच्यावरच चालेल. वेगळा रिमोट नको, काही नको.

बारा_व्होल्ट
नका करू. एक तर दरवाजे उघडले की फाळकाही सुटेल. सिग्नलवर कोणी आतून अनलॉक दाबलं तर माल रस्त्यावर. दुसरं म्हणजे ती वायर दरवाज्याच्या छोट्या मोटरींपुरती असते, जास्तीचा भार टाकला की आधी फ्यूज जाईल आणि नशीब खराब असेल तर कंट्रोल युनिट.

फुटाळा_३१
उजव्या बाजूच्या सळईला जोडला, तिकडे जागा होती. वायर घरात पडलेली होती, एक स्क्वेअर एमएम असावी. पुरवठा थेट बॅटरीवरून. रिमोट साधा, चार बटणांचा, सोबत रिसीव्हर मॉड्यूल.

तात्या_गॅरेज
मग उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. मधल्या क्रँकपासून दोन सळया निघतात, एक डाव्या लॅचला (फाळका धरून ठेवणारा खटका), एक उजव्या. तुम्ही एकच ओढून राहिले. उजवा लॅच सुटला तरी डावा धरून असतो. फाळका तिरपा ताणला जाते आणि दुसरा लॅच आणखी घट्ट अडकते. ओढायचं ते क्रँकला, म्हणजे दोन्ही एकाच वेळी सुटतील.

आता ताकद. दरवाज्याचा ॲक्च्युएटर साधारण दोन-तीन किलोच्या ओढीचा, चाल १८ ते २० मिमी. दरवाज्याच्या लॉकची कळ सरकवायला तो पुरतो. इथे दोन सळया, दोन स्प्रिंगा, आणि आतून क्रेट फाळक्याला टेकलेले असले की लॅचच्या दातावर दाब येतो तो वेगळा. अंदाज नको, मोजा. सामान तोलायचा हुकवाला डिजिटल काटा घ्या, हुक क्रँकच्या भोकात अडकवा, ॲक्च्युएटर ज्या रेषेत ओढणार त्याच रेषेत हळू ओढा. लॅच सुटताना काट्यावर जो सगळ्यात मोठा आकडा दिसेल, त्याच्या दीडपट ताकदीचं यंत्र लागते. दोनदा मोजा, एकदा रिकामी गाडी आणि एकदा माल टेकवून.

निवांत_नागपूर
त्यापेक्षा वर फायबरची कॅनॉपी बसवून घ्या. काचेचं दार वर उघडतं, पाऊस-धुळीपासून मालही वाचतो.

फुटाळा_३१
कॅनॉपी नको आहे. प्रश्न फाळक्याचा आहे.

कामठीकर
तात्या, सोलेनॉइड (वीज मिळाली की झटक्यात ओढणारा विद्युतचुंबक) काहून नाही सांगत? दरवाजाचं हँडल काढून टाकतात त्या गाड्यांत लागते तो पॉपर सोलेनॉइड. एक झटका, काम खतम.

बारा_व्होल्ट
सोलेनॉइड ठीक, पण तो १५ ते ३० अँपिअर खातो. सहा मीटरच्या एक स्क्वेअरच्या वायरीत २० अँपिअरला दोन व्होल्ट नुसते वायरीतच जातात. अडीच स्क्वेअरमध्ये साधारण ०.८, चार स्क्वेअरमध्ये अर्धा. म्हणून किमान अडीच घ्या, चार मिळाली तर उत्तम. अर्थ बॉडीला देताना रंग खरवडून मोकळ्या पत्र्यावर द्या. फाळक्याच्या बिजागरीवर अर्थसाठी भरवसा नको, चेसिसपर्यंत वेगळी वायर ओढा.

दुसरं, रिसीव्हरचा छोटा रिले (विजेने चालणारा स्विच) हा भार सोसणार नाही, त्याचे संपर्क चिकटतील. मधे ३० अँपिअरचा गाडीचा रिले लावा. पिन ३० ला (पिनांचे आकडे रिलेवरच असतात) बॅटरीचा पुरवठा, २५ अँपिअरच्या फ्यूजमधून, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच. सोलेनॉइड २५ पेक्षा जास्त ओढत असेल तर रिले ४० चा आणि वायर चारचीच. ८७ वरून सोलेनॉइड. ८६ ला प्लस, ८५ रिसीव्हरच्या संपर्कातून बॉडीला. सोलेनॉइडच्या दोन टोकांवर १एन४००७ डायोड, पट्टीची बाजू प्लसकडे. नसेल तर बंद होताना जो झटका येतो तो रिलेचे संपर्क जाळतो.

आणि तिसरं, सगळे विसरतात ते. त्या चार बटणांच्या मॉड्यूलवर जंपर किंवा लर्निंगची पद्धत असते: बटण दाबलेलं असेपर्यंत चालू, किंवा एकदा दाबलं की चालू आणि पुन्हा दाबलं की बंद. पहिलीच ठेवा. दुसरीत सोलेनॉइड चालूच राहील. तो सेकंदभराच्या कामासाठी बनलेला असतो, मिनिटभरात कॉईलचा वास येईल.

तात्या_गॅरेज
सोलेनॉइडने सळई आपटते हे कोणी सांगत नाही. रोजच्या झटक्याने प्लास्टिकच्या क्लिपा तुटतात. मी हेवी ड्युटी ॲक्च्युएटरच्याच बाजूने.

कामठीकर
क्लिप दहा रुपयांची आहे भाऊ.

तात्या_गॅरेज
क्लिप दहाची, पण ती माल भरलेला असताना तुटते. फाळका मग ना रिमोटने उघडते ना हाताने, आणि आतलं झाकण काढायला फाळका उघडाच लागते. म्हणून काहीही बसवा, जोड लांबट भोकाचा करा, म्हणजे हाताने हँडल ओढताना यंत्र मधे येणार नाही आणि यंत्र बिघडलं तरी हँडल चालेल.

वर्धारोडवाला
फाळका खाली पाडूनच गाडी चालवली तर? ॲव्हरेजही वाढते म्हणतात.

बारा_व्होल्ट
वाढत नाही. फाळका बंद असला की हौद्यात हवा गोल फिरत राहते आणि वरची हवा तिच्यावरून सरकत जाते. उघडला की ते चक्र मोडतं. शिवाय मागे लोंबणारा फाळका रस्त्यावर धोक्याचा. विषयावर या.

फुटाळा_३१
काटा आणला. रिकामी गाडी ५.८ किलो, क्रेट टेकवून ८.५. म्हणजे ॲक्च्युएटर बाद ना?

बारा_व्होल्ट
बाद. साडेआठच्या दीडपट म्हणजे १३ किलो धरा. १८ किलोच्या आसपासचा सोलेनॉइड घ्या.

चालत्या गाडीत बटण दाबलं गेलं तर काय, हे अजून कोणी विचारलं नाही. दुसरा रिले घ्या, त्याची कॉईल इग्निशनवर. पहिल्या रिलेच्या ८६ चा प्लस या दुसऱ्याच्या ८७ए मधून (कॉईल बंद असताना जोडलेला संपर्क) न्या. चावी चालू असली की ८७ए तुटतो, रिमोट मुका. मुख्य लाईनमध्ये हा रिले टाकू नका, ८७ए चा संपर्क बहुतेक रिलेंत ८७ पेक्षा कमी अँपिअरचा असतो.

फुटाळा_३१
पण कळमना बाजारात माल उतरवताना इंजिन चालूच असतं.

कामठीकर
हेही आत्ता सांगून राहिले!

बारा_व्होल्ट
मग दुसरा रिले नको. रिसीव्हरच्या संपर्काचं जे टोक बॉडीला दिलंय ते काढून हँडब्रेकच्या स्विचच्या वायरला द्या. आधी चावी चालू करून मीटरने बघा: हँडब्रेक ओढल्यावर त्या वायरीवर अर्थ मिळाला पाहिजे, सोडल्यावर १२ व्होल्टच्या जवळपास. तसं दिसलं तरच जोडा. हँडब्रेक ओढलेला नसेल तर चालत्या गाडीत फाळका सुटणार नाही.

तात्या_गॅरेज
आणि एका बाजूला फाळक्याचा गॅस डँपर लावा. नाही तर लॅच सुटला की फाळका धाडकन पडते आणि मागे जो उभा असेल त्याच्या गुडघ्यावर. क्रेट घेऊन उभे तुम्हीच राहणार आहात.

वायर बिजागरीजवळ रबरी ग्रोमेटमधून, हातभर ढिलाई ठेवून. मधे पाणीरोधक कपलर, फाळका काढता आला पाहिजे. नागपूरच्या मे महिन्यात साध्या टेपचा गोंद पातळ होऊन ओघळते, हीट श्रिंक नळी आणि कापडी टेप वापरा. लॅचला ग्रीस फासू नका, धूळ बसून लगदा होते, सिलिकॉनचा कोरडा स्प्रे मारा. फाळक्याच्या तळाची पाणी जायची भोकं बुजवू नका, सोलेनॉइड त्यांच्यावर टांगू नका.

निवांत_नागपूर
कॅनॉपीचा विचार करा एकदा.

फुटाळा_३१
आज सोलेनॉइड क्रँकला बसवला, चार स्क्वेअरची वायर, रिले, डायोड सगळं. हँडब्रेकच्या वायरीवर मीटरने बघितलं, तुम्ही सांगितलं तसंच आलं. रिकाम्या गाडीत उघडतो. माल टेकवला की डावा आधी सुटतो, उजवा अर्ध्यावर राहतो. परवा आधीचा ॲक्च्युएटर जोडायला उजवी सळई थोडी वाकवली होती, त्याने काही फरक पडेल का?

तात्या_गॅरेज
वाकवली म्हणजे आखूड झाली. वाकडी सळई ओढली की आधी सरळ होते, मग लॅच हलवते, तोवर चाल संपली. क्लिपेतून काढा, सरळ फरशीवर डाव्या सळईशेजारी ठेवा, दोन्ही टोकं जुळतात का बघा. ठोकून सरळ करू नका, वाकलेल्या जागी पुन्हा वाकेल. तेवढ्याच जाडीची नवी करून आणा.